राहिलेलं घर

बोरदऱ्याचं नाव निघालं आणि माजघरातली भांडी वाजायची थांबली.

पाथरकरांच्या घरात ते नाव काढायचं नाही असा काही कुणी कायदा केला नव्हता. पण अप्पा गेले तरी अप्पांची जरब गेली नव्हती. बोरदऱ्यात नीलांबरी होती. विष्णुपंत आणि दत्तोपंत या दोघा भावांची सख्खी बहीण, थोरल्याची धाकटी आणि धाकट्याची ताई. तिनं गहिनीनाथ ढवळेशी, म्हणजे विष्णुपंतांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मराठ्याच्या पोराशी, नगरला जाऊन नोंदणी लग्न केलं. त्या दुपारी अप्पांनी आडावर उभं राहून तिच्या नावानं आंघोळ केली आणि दोन्ही मुलांनाही करायला लावली, अंगावरच्या धोतरासकट. तेव्हापासून नीलांबरी मेली होती. या घरापुरती. बोरदऱ्यात ती शेतात खुरपत होती, भाकऱ्या थापत होती, नवऱ्याशी भांडत होती, चांगली धडधाकट नांदत होती.

"परवा बोरदरा," दत्तोपंत पुन्हा म्हणाले. ते जामखेडच्या कोर्टात वकिली करत आणि सध्या थोरल्या भावाची निवडणूक लढवत. लढवत म्हणजे खरोखर तेच लढवत होते. विष्णुपंत नुसते उभे होते.

"बोरदरा वगळ," विष्णुपंत म्हणाले.

"वगळ? दादा, त्या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं गाव ते! आणि गाव गहिनीनाथच्या शब्दाबाहेर नाही. तो गाय-वासरावाल्या पक्षाचा, कबूल. पण तू त्याच्या दारात नुसता उभा राहिलास तरी निम्मं गाव म्हणेल, अरे, मेहुणा चालत आला."

"मेहुणा?" विष्णुपंतांनी चष्मा काढला. "आज मेहुणा झाला काय रे तो तुझा? आडावर पहिला तांब्या डोक्यावर कुणी ओतला होता?"

"अप्पांनी सांगितलं, मी ओतला. तूही ओतलास."

"ओतला. म्हणून तर म्हणतो, वगळ."

विष्णुपंत हायस्कुलात संस्कृत शिकवत. गोहत्याबंदीच्या सत्याग्रहात दिल्लीला जाऊन तुरुंगाची हवा खाऊन आले होते, एवढ्या भांडवलावर जनसंघानं त्यांना आमदारकीला उभं केलं. नशिबाची थट्टा बघा, समोरच्याची निशाणी गाय-वासरू! गाईसाठी तुरुंगात गेलेला माणूस गावोगाव सांगत फिरत होता, गाय-वासरावर शिक्का मारू नका, पणतीवर मारा. खर्ड्याच्या सभेत एक म्हातारी उठून म्हणाली होती, "गाईला नगं म्हनता, मग तुमी कसले बामन वो?" सभा हसली आणि विष्णुपंतही हसले. ते प्रचारातसुद्धा घरचा पाण्याचा तांब्या बरोबर ठेवत, बाहेरचं पाणी घेत नसत, त्यालाही लोक हसत. हसण्यावारी नेण्यासारखाच उमेदवार होता तो. पण यंदाच्या निवडणुकीत गाय-वासरावाल्यांत आपसांत लाथाळ्या लागल्या होत्या, दोन पावसाळे कोरडे गेलेले, लोक चिडलेले. कधी नव्हे ती संधी होती आणि दत्तोपंतांना ती दिसत होती.

"हे बघ," दत्तोपंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "आत जायचं नाही. मी कुठं म्हणतो आत जा? दारातनं नमस्कार करायचा, मत मागायचं, पुढं चालायचं. आत गेलास, पाणी घेतलंस, तर आपली माणसं बिथरतील. तीच तर आपली हक्काची मतं."

"नाही जमायचं. मी गेलो तर आत जाईन. तिच्या घरात पाटावर बसेन. आणि आत गेलो तर मत मागणार नाही." विष्णुपंतांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत फिरकलो नाही. आणि आता जीपला झेंडा लावून जाऊ? काय म्हणू? निले, तू मेलीस म्हणून आंघोळ केली, आता जिवंत झाली असशील तर मत दे?"

"मी बोलू का?" गोदावरीबाई माजघराच्या दारात आल्या. विष्णुपंतांची बायको एरवी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. "ती या घरातनं गेली तेव्हा मी तिला शेवटचं पाहिलं. मागच्या दारानं गेली, आणि दोनदा वळून बघितलं तिनं. अहो, मत मागा नाहीतर मागू नका, पण जा. माहेरचं माणूस कशाला आलं हे बाई विचारत नाही. आलं, एवढंच तिला पुरतं."

"तुला निवडणुकीतलं कळत नाही," विष्णुपंत म्हणाले.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका," दत्तोपंत म्हणाले.

कितीतरी दिवसांनी दोघा भावांचं एकमत झालं होतं. मग तडजोड निघाली, आणि तडजोडीसारखी वाईट गोष्ट नाही. बोरदऱ्याला जायचं, घरोघर जायचं, पण ढवळ्यांच्या घरी तेवढं जायचं नाही. विष्णुपंतांना वाटलं, आपण बहिणीची अब्रू राखली. तिला मताच्या बाजारात ओढलं नाही. शहाण्या माणसाला शहाणपणाचं अजीर्ण होतं ते असं.

त्यांनी त्या रात्री तिची आठवण काढली नाही असं नाही. तिचं नाव त्यांनीच ठेवलं होतं. ती राम शब्द चालवायला शिकली ती त्यांच्या मांडीवर बसून. दर भाऊबिजेला चुलतबहीण ओवाळायची तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे आणि सगळ्यांना वाटायचं, विष्णुपंत मनात स्तोत्र म्हणताहेत.

*

बोरदऱ्यात बातमी आदल्या दिवशीच पोचली होती. पणतीवाले येणार.

नीलांबरी पहाटे उठली, अंगण सारवलं, रांगोळी काढली. साळूबाई, तिची सासू, उंबऱ्यावर तंबाखू मळत बघत बसली होती.

"दूध समदं खिरीत वतलं व्हय गं?"

"थोडंच ओतलं, आत्याबाई."

"थोडंच म्हनं! गाय आटत आली, चारा न्हाई, अन् हिची खीर चाललीय. कसली हाय?"

"गव्हल्यांची. दादाला आवडते."

साळूबाईनं मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. पहिली दोन वर्षं तिनं या सुनेला लई छळलं होतं. बामनाची पोर, हिला शेण उचलता येईना, भाकरी थापता येईना. मग एका दिवाळीत भाऊबिजेच्या सांजेला ही पोर गोठ्यात जाऊन बैलाला ओवाळताना दिसली. बैलाला! त्या दिवसापासून साळूबाईनं सुनेला घालून पाडून बोलणं सोडलं.

गहिनीनाथनं धुतलेला सदरा घातला. त्याच्या पार्टीचे लोक सकाळी बोलवायला आले होते, त्यांना त्यानं परत पाठवलं. "आज आमच्या घरी पावनं हायेत," एवढंच सांगितलं.

"तुम्ही रागावला नाहीत ना?" नीलांबरीनं विचारलं.

"कशापायी? सर हायेत माझे. लई छड्या खाल्ल्यात त्यांच्या." तो हसला. "अन् मत मागितलं तर तू खुशाल दे त्यांना. माझ्या तोंडाकडं बघू नको."

"मत गेलं चुलीत," ती म्हणाली. "तो आत येऊन बसला पाहिजे. एकदा. बस्स, दुसरं मला काही नको."

दुपारकलत्या उन्हात जीपचा भोंगा ऐकू आला. नीलांबरीनं निरांजन लावलं, ताम्हणात कुंकू, अक्षता, सुपारी ठेवली आणि दारात उभी राहिली. मिरवणूक शेजारच्या भीमाबाईच्या दारात थांबली. भीमाबाईनं ओवाळलेलं तिला दिसलं. दादाचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. खांदे वाकले होते. तो भीमाबाईला वाकून हात जोडत होता आणि मत मागत होता, शाळेत पाठ घेतल्यासारखं, सावकाश, शब्द सुटे करून.

मग मिरवणूक हलली.

विष्णुपंतांनी मान खाली घातली. रांगोळी दिसली, लुगड्याचा काठ दिसला, जोडव्यांची दोन पावलं दिसली. वर बघितलं तर आपण कोसळू, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाऊल उचललं, मग दुसरं उचललं, आणि ते पुढच्या दारात गेले. पुढच्या बाईनंही त्यांना ओवाळलं.

गल्लीतल्या बायका नीलांबरीकडे बघत होत्या. ती हलली नाही. ताम्हण तसंच हातात धरून उभी. तिच्या तोंडावरचं हसूसुद्धा अजून जागेवरच होतं, ते काढून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

"सरांनी बघितलं न्हाई वाटतं," गहिनीनाथ मागून म्हणाला.

"बघितलं," ती म्हणाली. "आंघोळ अजून चालूच आहे त्यांची."

मिरवणूक गाव फिरून पारावर गेली. भोंग्यातून दत्तोपंतांचा आवाज यायला लागला. दुसरा भाऊ! तिला तो आवाजसुद्धा किती बदललाय असं वाटलं. ती दारातच बसली. आणि साळूबाईचा संयम सुटला.

"ऊठ!"

"आत्याबाई, राहू द्या."

"काय ऱ्हाऊ द्या? दिवा धरून दारात बसाया तू काय देवळाची गुरवीन हायेस? त्यो न्हाई येत तर तू जा. समद्या गावाची दारं फिरला अन् माझ्या दारावरनं मान खाली घालून गेला! आमी काय मांग-म्हारवडा हाय?" साळूबाईला बोलल्यावर कळलं की आपण काय बोललो, कारण तिकडच्या आळीतही विष्णुपंत जाऊन मतं मागून आले होते. "तितं बी गेला की मेला! जा म्हनते ना. पारावर बायका जात न्हाईत ते मला सांगू नको, मी हाय मागं."

नीलांबरी उठली. निरांजनातली वात पुढं सारली आणि चालायला लागली. मागून साळूबाई, तिच्या मागून भीमाबाई आणि तिच्यामागून गल्लीतल्या साऱ्या.

*

दत्तोपंत गोवंशावर बोलत होते. बायकांची रांग पाराकडे येताना दिसली तेव्हा त्यांना आधी आनंद झाला. मग पुढची बाई कोण ते कळलं आणि त्यांचं वाक्य तोंडातच राहिलं. भोंगा नुसताच खरखरला.

नीलांबरी पाराच्या पायरीशी थांबली. ताम्हण दोन्ही हातांनी धरून तिनं शांत आवाजात विचारलं.

"उमेदवार कोण आहेत?"

विष्णुपंत उठून उभे राहिले.

"गावातली सगळी घरं फिरलात. एक राहिलं."

"निलू," विष्णुपंत म्हणाले.

"दादा, काय चुकलं माझ्या घराचं?"

"तुझं नाही गं. माझं चुकलं. तुझ्याकडे मत मागायला कोणत्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं भीमाबाईंकडं गेलास त्याच तोंडानं! भीमाबाई तुझी कोण? तिनं तुला ओवाळलं. पलीकडच्या सखूनं ओवाळलं. तिचं-माझं भांडण आहे बांधावरनं, तिनं ओवाळलं. आणि मी ताम्हण धरून उभी होते दादा, मी तुला दिसत होते." आता मात्र तिचा आवाज फाटला. "अरे, मत मागायला आला असतास तर निदान आला असतास!"

विष्णुपंत पायरी उतरले.

"दादा," दत्तोपंतांनी त्यांचा हात धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लोक बघताहेत. इथंच ओवाळून घे. झालं, इथंच मिटव. तिकडं जाऊ नकोस. खर्ड्याला कळलं तर हक्काची मतं जातील."

"दत्तू, तूच म्हणत होतास ना, जा म्हणून?"

"असं नव्हतो म्हणत."

"तू चल."

दत्तोपंतांनी बहिणीकडे बघितलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती. लहानपणी दोघं एका ताटात जेवत, आणि ती त्यांच्या वाटणीचं तूप पळवायची. पण वकील माणूस, त्यांनी घड्याळ बघितलं. "मी जीपमध्ये थांबतो," ते म्हणाले. "लवकर ये, खर्ड्याची सभा आहे."

विष्णुपंत बायकांच्या त्या रांगेमागून एकटेच चालत गेले. झेंडा नाही, भोंगा नाही, मागं एकही कार्यकर्ता नाही.

*

गहिनीनाथ अंगणात उभा होता. "या सर," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. विष्णुपंतांनी त्याला मधेच धरलं आणि दोघांनाही पुढं काय करायचं ते कळेना, म्हणून तसेच एकमेकांचे दंड धरून उभे राहिले.

"सोडा आता," साळूबाई म्हणाली. "कुस्ती हाय का?"

नीलांबरीनं पाट मांडला. ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट त्यांच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिलं. मग तिनं डोळे पुसले आणि ठसक्यात म्हणाली, "आता माग."

"काय?"

"मत. सगळ्यांकडं मागितलंस. माझ्याकडं माग."

विष्णुपंतांनी हात जोडले. या बाईसमोर हात जोडताना त्यांना पहिल्यांदा आपण भीक मागतोय असं वाटलं नाही. "निले, मला मत दे."

"विचार करीन," ती म्हणाली, आणि गहिनीनाथ खो खो हसला.

तिनं पाणी आणून दिलं. विष्णुपंतांचा तांब्या जीपमध्ये होता. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला आणि पुढं केला. तिनं पुन्हा भरला. विहिरीच्या तळाचं मचूळ पाणी होतं ते, पण ते दोन पेले प्याले. मग बोलायला लागले. आई जाताना काय म्हणाली, अप्पा शेवटच्या आजारात तापात कुणाला हाका मारत होते. "तुला," विष्णुपंत म्हणाले. "तुलाच मारत होते. आम्ही दोघं शेजारी बसून ऐकत होतो आणि तुला बोलवायचं धैर्य एकालाही झालं नाही." नीलांबरीनं पदर तोंडात धरला. साळूबाई तोंड फिरवून चुलीकडं गेली आणि उगाच जाळ सारत बसली.

खिरीची वाटी पुढं आली तोच जीपचा भोंगा वाजला. एकदा वाजला, मग थांबेचना.

"दोन घास तरी," नीलांबरी म्हणाली.

"घाईत नको." विष्णुपंतांनी वाटी हातात घेतली, वास घेतला, आणि पुन्हा खाली ठेवली. "हे असं भोंग्याच्या तालावर नाही खाणार मी. निवांत येईन."

"केव्हा?"

"निवडून आलो तर पुन्हा असंच येणं होईल. जीप, हारतुरे, मागं अर्जवाले. मुंबईला राहावं लागेल, इथं पाय टेकायचा तो घटकाभर." ते उठले. "पण पडलो ना, तर एकटा येईन. एसटीनं. चार दिवस राहीन, तुझ्या हातचं खाईन. वचन."

"पडलास तर?"

"पडलो तर."

"सर, अपशकुनी नका बोलू," गहिनीनाथ म्हणाला.

नीलांबरी भावाच्या तोंडाकडे बघत होती.

*

मग घोळ असा झाला की बोरदरा गाव पणतीकडं फिरलं.

पारावर जे घडलं ते बायकांनी विहिरीवर, दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर, बाजारात, जिथं जमेल तिथं सांगितलं. उमेदवार बहिणीच्या मागं एकटा चालत गेला, पाणी प्याला, रडला. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांत बायका म्हणायला लागल्या, निलाबाईच्या भावाला द्यायचं. खर्ड्यात दोन-चार जुनी माणसं रुसली खरी, पण गेलं त्याच्या दुप्पट इकडून येत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी दत्तोपंतांनी मुद्दाम माणूस पाठवून निरोप दिला, "ताईला सांगा, दादा येतोय निवडून. तिच्यामुळं येतोय."

ताई! इतक्या वर्षांनी त्यानं तिला ताई म्हटलं होतं. तिला हसू आलं, रडू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली.

मतदानाच्या दिवशी शाळेत ही रांग लागली. गहिनीनाथ बाहेर त्याच्या पार्टीच्या टेबलावर बसला होता. ती जवळून गेली तेव्हा त्यानं मुद्दाम दुसरीकडं बघितलं. रांगेत भीमाबाई तिच्या कानाशी लागली, "पणतीच ना गं? कुठं असती ती, वर का खाली?" मागून सखू म्हणाली, "मी बी पणतीच. भांडण बांधाचं हाय, भावाचं न्हाई."

कागद आणि शिक्का घेऊन नीलांबरी आडोशाला गेली.

कागदावर दोन्ही निशाण्या होत्या. तिनं शिक्का पणतीवर धरला. दादाचे पांढरे केस डोळ्यांपुढं आले. जन्मात पहिल्यांदा दादा काहीतरी जिंकणार होता. पोरांना संस्कृत शिकवून, सत्याग्रह करून, सगळ्यांचं हसं सोसून. आणि ती त्याची बहीण होती. बाहेर बाया तिच्या शब्दावर मतं देत होत्या.

मग तिला जीप दिसली. हारतुरे, अर्जवाले, भोंगा, आणि घटकाभर टेकून उठणारा दादा.

"मला नको रे आमदार," ती पुटपुटली. "पड, दादा. माझ्यासाठी पड."

आणि तिनं गाय-वासरावर शिक्का मारला. असा मारला की टेबल हललं आणि अधिकाऱ्यानं विचारलं, "काय झालं बाई?"

"काही नाही," म्हणून तिनं कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला.

बाहेर साळूबाई भिंतीच्या सावलीत वाट बघत बसली होती. बोटावरची शाई पदराला पुसून पुसून थकली होती ती.

"दिलंस न्हवं भावाला?"

"त्याच्यासाठीच दिलं, आत्याबाई," नीलांबरी म्हणाली, आणि एसटी थांबते त्या रस्त्याकडं बघत ती तिच्याशेजारी खाली बसली.